मिस्त्री टेकले आणि दिवे लागले

धायरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये अर्ध्या जागेत भुसा, अर्ध्या जागेत सोल्डरिंग. बनवत होतो ती चुंबकाने एकमेकांना चिकटणारी खोकी. शेल्फ रचा नाहीतर टीव्ही युनिट. प्रत्येकात एलईडी पट्टी, आणि वीज स्प्रिंगच्या पिनांमधून शेजारच्या खोक्यात जाते. १२ व्होल्टवर शेवटचं खोकं मरतुकडं दिसायचं. २४ व्होल्ट केल्यावर तेवढ्याच वॅटला करंट निम्मा झाला आणि ते दुखणं मिटलं. छळलं ते टच बटणांनी.

बटणं दिसायला नकोत, हा ग्राहकाचा हट्ट. म्हणून १८ मिलिमीटर प्लायमध्ये उथळ खाचा मारून तांब्याच्या टेपचे तीन तुकडे बसवले आणि वरून १ मिलिमीटरचा सनमायका. सनमायका सकाळी चिकटवला, संध्याकाळी ग्राहक येणार. बाहेर जुलैचा पाऊस.

दुपारी वीज दिली. लॅपटॉपवर तिन्ही बटणांचे आकडे येत होते. बोट लावलं की त्या बटणाचा आकडा उतरायला हवा. पहिल्यावर बोट ठेवलं, तिन्ही उतरले आणि सगळे दिवे भसकन लागले. सोल्डर तपासलं, वायरी वेगळ्या केल्या, अडॅप्टर बदलला. छे! तेवढ्यात मिस्त्री चहाचा कप घेऊन फळीच्या पार दुसऱ्या टोकाला कोपर टेकून उभे राहिले आणि दिवे पुन्हा लागले.

"मी हात पण नाही लावला हो मॅडम!" मग त्यांनी बोटाच्या पेराने फळी ठोकत नेली. "आत ओल आहे. या हवेत फेविकॉल एका दिवसात कुठला सुकतोय?"

मिस्त्रींनी कोड न बघता रोग ओळखला. टच सेन्सर मोजतो कपॅसिटन्स, म्हणजे तांब्याच्या तुकड्याची वीजभार साठवायची क्षमता; बोट जवळ आलं की ती वाढते आणि लॅपटॉपवरचा आकडा उतरतो. एखादा पदार्थ ही क्षमता किती पट वाढवतो, तो त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक. कोरड्या लाकडाचा जेमतेम दोन-पाच, पाण्याचा ८०च्या आसपास. शिवाय ओला फेविकॉल थोडीफार वीज वाहतो, त्यामुळे तीन सुट्या बटणांची मिळून एकच मोठी पाटी झालेली. वरून सनमायका पाणी बाहेर सोडत नाही. ते प्लायमधूनच हळूहळू जाणार.

ग्राहकाला त्या संध्याकाळी मोबाइलवरून दिवे लावून दाखवले. फळी पूर्ण वाळल्यावर बटणं आपोआप सुतासारखी सरळ झाली. तरी पुढच्या नमुन्यात बटणांच्या पट्ट्यात फेविकॉल लावलाच नाही, तिथे दुहेरी टेप. आणि कोडमध्ये एक अट घातली: तिन्ही आकडे एकदम उतरले तर दुर्लक्ष कर. त्यामुळे ओल्या फडक्याने पुसतानाही दिवे लागेनासे झाले, हा वरचा फायदा.

ग्राहकाच्या आईंना मात्र हे काही पटलं नाही. त्यांना खटका हवा होता. मिस्त्रींनी त्यांच्या खोक्याच्या बाजूला भोक पाडलं आणि साधं बटण बसवून दिलं.