शंभर पानांचा चढ

उम्बेर्तो एको यांच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ची माझ्याकडची प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली आहे. आधीच्या मालकाने तीत लॅटिन वाक्यांचे अर्थ पेन्सिलीने समासात लिहिले आहेत, तेही बारीक आणि नेटक्या अक्षरात. सुरुवातीला हे अर्थ जवळजवळ प्रत्येक पानावर दिसतात, मठातल्या चर्चच्या दारावरील शिल्पांचे वर्णन सुरू झाले की विरळ होतात आणि त्यानंतर समास शेवटपर्यंत कोरे आहेत. पेन्सिल थांबली त्याच पानात बसचे एक तिकीट घडी करून ठेवलेले होते.

आमच्या वाचनगटाने गेल्या महिन्यात ही कादंबरी घेतली, तेव्हा आठांपैकी तिघे नेमके त्याच दारापाशी थांबून माघारी आले होते. त्यांच्यापैकी एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. हाती घेतलेले पुस्तक ते सहसा सोडत नाहीत, पण या वेळी त्यांनी सरळ सांगितले, “खुनाचा तपास म्हणून वाचायला घेतलं, आणि हा लेखक पानंच्या पानं दारच दाखवतोय!” सगळे हसले, पण तक्रार खोटी नव्हती. इ.स. १३२७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस उत्तर इटलीतल्या एका श्रीमंत मठात बास्करव्हिलचा विल्यम आणि त्याचा तरुण शिष्य आद्सो येतात. त्याआधीच हस्तलिखिते चित्रांनी सजवणाऱ्या एका भिक्षूचा मृत्यू झालेला असतो, आणि दुसरे प्रेत सापडते ते दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात येशूच्या मालकीचे काही होते की नव्हते, फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती भिक्षुपंथाने दारिद्र्य किती पाळावे आणि फ्रान्समधल्या आविन्याँत बसलेल्या पोप जॉन बाविसावा याला ते का खुपते, यावर चर्चा चालते. त्यात भर म्हणजे अगदी आरंभी विल्यम बर्फातल्या खुणांवरून मठाधिपतींच्या हरवलेल्या घोड्याचे वर्णन, इतकेच काय, त्याचे नावसुद्धा सांगतो. शेरलॉक होम्सची सवय असलेल्या वाचकाची भूक तिथे चाळवते आणि मग त्याला दीर्घकाळ तसेच बसवून ठेवले जाते. माझ्या मते चिडचिड होते ती या प्रसंगामुळे. घोडा नसता, तर वाचक दाराशी अधिक शांतपणे उभा राहिला असता.

मूळ इटालियन कादंबरी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी तिला इटलीतला स्त्रेगा पुरस्कार मिळाला आणि १९८३ मध्ये विल्यम वीव्हर यांचे इंग्रजी भाषांतर आले. त्याच वर्षी एको यांनी या कादंबरीविषयी एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. मित्रांनी आणि प्रकाशनसंस्थेतल्या मंडळींनी पहिली शंभर पाने कमी करायला सुचवले होते आणि आपण साफ नकार दिला, असे ते त्यात सांगतात. मठात शिरून सात दिवस राहायचे असेल, तर मठाची चाल पत्करावी लागेल. ज्याला ते जमणार नाही, त्याने डोंगराच्या पायथ्याशीच राहावे, असे त्यांचे म्हणणे. मी हे सांगितल्यावर बँकवाले काका म्हणाले, “म्हणजे चूक आमचीच!” त्यांचा राग मला समजतो. वाचकाला दम लागल्यावर त्याच्या फुप्फुसांना दोष देणारा लेखक कोणालाही आवडणार नाही.

तरीही मी एको यांच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण त्याच टिपणातल्या दुसऱ्या एका तपशिलात आहे. मठाचा नकाशा समोर ठेवून ते लिहीत, आणि दोन पात्रे भोजनगृहाकडून ओवरीकडे बोलत निघाली, तर तिथे पोचता पोचता त्यांचे बोलणे संपत असे. अंतर जेवढे, तेवढाच संवाद. डुकराच्या रक्ताने भरलेल्या रांजणात एक प्रेत सापडते, त्याचा हिशेबही असाच आहे. डुकरे थंडीत मारतात. पण ज्या ऐतिहासिक वाटाघाटी कथेत आणायच्या होत्या, त्यांतला फ्रान्सिस्कनांचा प्रमुख, चेझेनाचा मिखाएल, डिसेंबरात आविन्याँला पोचलेला होता, त्यामुळे कथा नोव्हेंबरातच संपवणे भाग होते. नोव्हेंबरात डुकरे मारण्याइतकी थंडी हवी, म्हणून मठ उंच डोंगरावर गेला आणि बर्फ आधीच पडला. ज्या लेखकाने बर्फाचासुद्धा असा जमाखर्च ठेवला आहे, त्याचे दार शंभर पानांत ओलांडता आले नाही तर थोडे थांबावे, असे मला वाटते. पाखंडी पंथांच्या याद्यांचे समर्थन मात्र मी करणार नाही. त्या मी दोन्ही वेळा चाळून पुढे गेलो.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही आणि वाचायची इच्छा आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. शेवटपर्यंत गेलेल्या पाचांपैकी महाविद्यालयात विज्ञान शिकवणारी आमची एक मैत्रीण सर्वांत जास्त संतापलेली होती. मृत्यूंची मालिका बायबलच्या शेवटच्या ग्रंथातल्या सात तुताऱ्यांच्या क्रमाने चालली आहे, असा तर्क धरून विल्यम माग काढतो आणि अखेर गुन्हेगारापर्यंत पोचतोही. पण तसा क्रम कोणी योजलेलाच नव्हता, हे त्याला तिथे पोचल्यावर कळते. “चुकीच्या गृहीतकावरून बरोबर उत्तर काढलं, तर मी परीक्षेत शून्य देते,” असे ती म्हणाली. दाराशी थांबलेल्यांची तक्रार आणि हिची तक्रार ऐकताना मला त्या एकच वाटल्या: आम्ही एवढा वेळ दिला, त्याचे चोख माप पदरात पडले नाही. रहस्यकथेचा वाचक तसा करार मनात धरूनच बसतो. बाबूराव अर्णाळकरांच्या हजारावर रहस्यकथा ज्या पिढ्यांनी वाचनालयातून एकामागून एक आणून संपवल्या, त्यांच्याशी लेखकाने तो करार पाळला होता, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. एको तो करार मोडतात, मात्र कोणत्याही पानावर फसवून मोडत नाहीत. विल्यम स्वतः आपल्या तर्कांविषयी आरंभापासून साशंकच असतो.

माझी मावशी अर्णाळकरांवर वाढलेली. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि गटात सर्वांत वयस्कर. तिने कादंबरी नऊ दिवसांत संपवली. लॅटिनचे काय केलेस, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “पूजेतलं संस्कृत समजायचं. कान द्यायचा आणि पुढे जायचं.” तुताऱ्या आणि कादंबरीत येणारा ॲरिस्टॉटलचा ग्रंथ यांवर आमचा वाद रंगलेला असताना ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “त्या मुलीचं पुढे काय झालं, ते कोणीच कसं बोलत नाही?”

खाली स्वयंपाकघर, मध्ये लेखनिकांचा मजला आणि वर ग्रंथालय अशी मठाच्या मुख्य इमारतीची रचना आहे. रात्री त्या स्वयंपाकघरात आद्सोला खेड्यातली एक गरीब मुलगी भेटते. ती जाताना मागे एक गाठोडे राहते आणि त्यात बैलाचे काळीज असते. मठातल्या कोणाला तरी शरीर देऊन तिला मिळणारा मोबदला तो. पुढे ती काळे मांजर आणि कोंबडा यांच्यासह पकडली जाते आणि धर्मन्यायाधीश बर्नार गी तिला चेटकीण ठरवतो. कादंबरीवरच्या १९८६ च्या चित्रपटात तिचा जीव वाचतो. चित्रपट पाहिलेल्या बँकवाल्या काकांनी तसे सांगितलेही, पण मावशी ठामपणे म्हणाली, “पुस्तकात नाही वाचत. तुम्ही तिथवर आलाच नाहीत.” मग तिने माझी प्रत मागून घेतली, चष्मा वर सरकवला आणि पाने उलटू लागली.

तिला हवे असलेले पान सापडायला वेळ लागला. शिपाई मुलीला धरून नेतात, ती ओरडत असते, पण तिची बोली आद्सोला समजत नाही आणि इतरांनाही समजत नाही. एवढा आक्रोश करूनही ती मुकीच ठरते. तिच्यासाठी आता काही करता येणार नाही, असे विल्यम सांगतो. तिचे नाव आद्सोला कधीच कळत नाही, म्हातारपणी हे सारे लिहून काढतानाही नाही. मावशीने तेवढा भाग सावकाश मोठ्याने वाचला आणि पुस्तक माझ्याकडे परत दिले. मी पान पाहिले. समासात काही लिहिलेले नव्हते. मुलगी जे ओरडते, त्यातला एक शब्दही एको यांनी छापलेला नाही.