पित्तजनकांग

"उसिरु हिडीरी," नर्सबाई कन्नडमध्ये म्हणाल्या आणि मामांनी श्वास रोखून धरला. उजव्या बरगडीखाली सोनोग्राफीचा प्रोब फिरत होता.

"मला कुठं दुखतंय? मग कशाला हे सगळं?" श्वास सोडल्या सोडल्या मामांचा प्रश्न.

डॉक्टर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "लिव्हरच्या आतल्या भागाला दुखणं कळतच नाही, काका. वरचं आवरण ताणलं गेलं, की मग दुखतं."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

बाहेर भिंतीवर कन्नड तक्ता होता. यकृताच्या चित्राखाली लिहिलेलं, 'पित्तजनकांग'. पित्त तयार करणारा अवयव. किती सुंदर शब्द! पण त्यात एकच काम आलं. आतड्यांतून निघालेलं रक्त पोर्टल नावाच्या शिरेतून आधी इथंच येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के याच शिरेतून. जेवणातली साखर साठवायची, उपाशीपोटी परत सोडायची, अमोनियाचा युरिया करायचा, रक्त गोठवणारी प्रथिनं घडवायची. जेमतेम दीड किलोचा अवयव, आणि तक्रार नाही.

मामांना फॅटी लिव्हर निघालं. "मी माळकरी माणूस, थेंबाला शिवलो नाही!" ते हबकलेच. दारूशिवायही होतं हे, वजनानं, साखरेनं. सुरुवातीचं आहे, वजन उतरलं तर चरबीही उतरते, असं डॉक्टरांनी समजावलं.

खानापूरच्या बसमध्ये मामा बरगडीखाली हात धरून बसले होते. "दुखत नाही रे," पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज बारीक होता.

तुमच्या घरी कोण म्हणतंय, "मला कुठं दुखतंय?"