एक नाकपुडी चालू

रात्री पावणेतीन.

परत उठून बसलेय. डावी नाकपुडी ठार बंद, उजवी बारीक शिट्टी वाजवतेय, आणि तोंड उघडं टाकून झोपल्यामुळे जीभ टाळूला चिकटलेली. सव्विसाव्या आठवड्यात सुरू झालं, आज तिसावा लागला. सर्दी म्हणावी तर शिंक नाही, ताप नाही, घसाही दुखत नाही. शिंकरायला गेलं तर रुमाल कोरडा. बाहेर यायला काही नाहीच, तरी नाक गच्च.

डॉक्टरांनी परवाच सांगितलं, की ही सर्दीच नाही. गर्भारपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, त्यात हार्मोन्सही चढलेली. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल उंचवटे असतात, रक्तवाहिन्यांनी भरलेले. ते फुगतात आणि वाट अडते. म्हणजे पाय सुजले, अंगठी बोटात रुतली, तसंच नाकही आतून सुजलंय. सूज शिंकरून कशी निघणार? मी मात्र चार आठवडे शिंकरत बसले होते. बाळंतपणानंतर दोनेक आठवड्यांत आपोआप जातं म्हणे. म्हणजे यावर खरं औषध एकच, आणि ते पोटात लाथा मारतंय.

*

शनिवार

स्प्रेचं लिहायचं राहिलं होतं. टाळत होते, कारण चूक माझी.

कपाटात नाक मोकळं करणारा स्प्रे पडला होता, कधीतरी उरलेला. झायलोमेटाझोलीन. पहिल्या रात्री दोन मिनिटांत दोन्ही नाकपुड्या मोकळ्या. इतका आनंद झाला की नुसता श्वास घेत पडून राहिले. पाचव्या दिवशी दर चार तासांनी लागायला लागला. नवव्या दिवशी उशीखाली बाटली ठेवून झोपत होते, आणि नाक आधीपेक्षा जास्त बंद! हा स्प्रे रक्तवाहिन्या आवळतो. त्याचा जोर ओसरला की त्या उलट जास्त फुगतात, म्हणून आपण परत मारतो, परत फुगतात. तीन दिवसांच्या वर वापरू नका, असं खोक्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, हेही. खोकं मी कधीच फेकून दिलं होतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, "एकेक नाकपुडी सोडवू." उजवीत त्याच दिवसापासून बंद, डावीत फक्त रात्री एकदा, तेही चारच दिवस. पहिले तीन दिवस उजवी म्हणजे भिंत होती. चौथ्या दिवशी दुपारी त्या भिंतीतून थोडी हवा आली. मग डावीची पाळी.

सर्दीच्या गोळीचंही विचारून घेतलं, कारण हात तिकडेही गेला असता. घरातल्या पाकिटावरची नावं वाचून दाखवली. एका गोळीत तीन औषधं, त्यातली दोन मला नसलेल्या दुखण्यांवर. स्यूडोएफेड्रीन हे नाक मोकळं करणारं औषध असलेल्या गोळ्या पहिल्या तीन महिन्यांत टाळतात, पुढेही रक्तदाब वाढवू शकतात म्हणून मनाने घ्यायच्या नाहीत. फिनाइलएफ्रीन हे तसंच दुसरं औषध, त्याची गंमत वेगळीच. गोळीतून घेतलेल्या फिनाइलएफ्रीनने चोंदलेलं नाक सुटत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. आणि काही गोळ्यांत आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक असतं. विसाव्या आठवड्यानंतर ते नको, बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो. पाकीट कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर गेलं. तिथे सध्या माझा हात पोचत नाही.

*

सोमवार

मिठाच्या पाण्याने नाक धुवायला मी शाळेतल्या मुलीसारखी घाबरत होते. नाकात पाणी म्हणजे बुडणं, हे डोक्यात पक्कं. शिवाय आता पोट इतकं पुढे आलंय की बेसिनवर नीट वाकताच येत नाही. शेवटी तिरकी उभी राहिले, कंबर बेसिनच्या कडेला टेकवून.

पेलाभर पाणी, साधारण २४० मिली, उकळून कोमट केलेलं. त्यात पाव चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मान एका बाजूला कलती, तोंड उघडं, श्वास तोंडानेच, आणि घशातून "आऽऽ". "आ" म्हणत राहिलं की पाणी घशात उतरत नाही, वरच्या नाकपुडीतून शिरून खालच्या नाकपुडीतून धार लागते. पहिल्या खेपेला मीठ कमी पडलं आणि कपाळापर्यंत झोंबलं. दुसऱ्या खेपेला मोजून घातलं, तर काहीच टोचलं नाही. नंतर हलकेच शिंकरायचं, एकेक बाजू. दोन्ही नाकपुड्या दाबून जोर लावला तर कानात दडे बसतात. तेही करून झालंय.

अर्ध्या तासाने चप्पल घालायला वाकले, तर नाकातून चमचाभर पाणी थेट पावलावर. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं!

पाणी उकळण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. नळाच्या पाण्यात क्वचित एक अमीबा असू शकतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोचला तर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून किमान एक मिनिट खळखळून उकळलेलं पाणी, आणि नाक धुवायची बाटली दरवेळी धुऊन कोरडी.

नाक दोनेक तास सैल राहतं. जादू नाही. पण दिवसातून कितीही वेळा केलं तरी परत फुगत नाही, आणि स्प्रेने पोळलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

*

बुधवार

आईचा फोन. "वाफ घे गं." तिला कसं सांगू, की मांडीजवळ उकळतं भांडं ठेवून वर चादर ओढायची आता भीती वाटते. पोट मध्ये येतं, हात कुठवर पोचतो याचा अंदाज चुकतो. अंगावर सांडलं तर? अंघोळीच्या वेळी दार लावून गरम पाणी सोडते आणि तिथेच थोडा वेळ बसते, तेवढी वाफ पुरते. आईला म्हटलं, "घेते." खोटं नाही ते.

मेंथॉलची एक डबी आहे. तिचा गार वास आला की नाक उघडल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात वाट तेवढीच असते, नुसती थंडाव्याची जाणीव होते. मेंदूला फसवणं झालं. पण रात्री दोन वाजता मला फसवून घ्यायलाही चालतं.

सकाळी भरभर वीस मिनिटं चालले, तर नाक खरोखर मोकळं झालं, परत आल्यावरही थोडा वेळ राहिलं. हे कुठल्याही बाटलीपेक्षा बरं.

*

शुक्रवार

पहाटे घोळणा फुटला. उशीवर लाल ठिपका पाहून धस्स झालं. लहानपणी मान मागे टाकायला लावायचे, तशी टाकणारच होते. ते चूक, रक्त घशात जातं. बसून, थोडं पुढे वाकून, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडला नाही. मध्ये तीनदा बघावंसं वाटलं. थांबलं.

नवरा म्हणतो मी घोरते. त्याने फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय, पुरावा म्हणून. डॉक्टरांना हसत हसत सांगितलं, तर त्यांनी आधी रक्तदाब मोजला आणि विचारलं, झोपेत श्वास अडकून दचकून उठता का? नव्यानेच सुरू झालेलं घोरणं आणि वाढलेला रक्तदाब यांचा संबंध असतो म्हणून. दाब ठीक निघाला. रेकॉर्डिंग पुसायला लावलं.

मला खरं विचारायचं होतं ते शेवटी, दाराशी उभी राहून विचारलं. माझं नाक बंद, मग बाळाला हवा कमी पडते का? म्हणाल्या, नाही. तोंडाने घेतलेला श्वासही श्वासच. ताप आला, गाल आणि कपाळ दुखायला लागलं, हिरवट घट्ट शेंबूड दहा दिवसांच्या वर राहिला किंवा धाप लागली, तर मात्र लगेच या.

*

रात्री सव्वातीन.

उशा नुसत्या मानेखाली न घालता पाठीपासून उतरत्या रचल्यात. कुशीवर झोपायचं, पाठीवर नाही, आणि ज्या कुशीवर झोपावं तीच, खालची नाकपुडी बंद होते. डाव्या कुशीवर होते म्हणून डावी गेली. आता उजवीवर वळते. पोट उचलून, गुडघ्यातली उशी पलीकडे घेऊन, सगळा संसार हलवून. मग पाचेक मिनिटं पडून वाट बघायची. डावी हळूहळू सुटते आणि उजवी भरत जाते. मधे क्षणभर दोन्ही चालू असतात.