तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीला एवढे रेडिएटर कशाला?

पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, अगदी मुंजीच्या पंगतीतसुद्धा हेच: "सिंहगड रोडला पंचविशीच्या वर जात नाही ती, मग पुढे एक, मागे एक असे जादा रेडिएटर कशाला?" आजवर हसून सोडून दिलं. आता पुरे.

सिंहगड रोडसाठी नकोतच ते. उलट जानेवारीत पहाटे पुढचा, म्हणजे इंजिनचं तेल गार करणारा ऑइल कूलर, त्रासच देतो. तेल नीट तापलं नाही, तर त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून तेल तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवणारा, ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट लागतो. पहिला हिवाळा मी त्याच्याशिवाय काढला, हेही कबूल.

पण "काटा तर मध्यावरच असतो की" हे मला सांगू नका. तो काटा पाण्याचा. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध खिळवलेला असतो, म्हणजे मालक घाबरत नाही. रेसच्या ट्रॅकवर पाणी ९५ वर असताना माझं तेल १३५ ला गेलेलं मी पाहिलंय. म्हणून पुढचा कूलर. त्याला नुसतं जाळीमागे टांगून भागत नाही, कडेच्या फटी फोमने बुजवाव्या लागतात. वारा सोपी वाट शोधतो आणि बाजूनं निघून जातो.

मागचा डिफरेन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्याचा. त्याची गोष्ट मी सहसा टाळतो.

कोइम्बतूरचा कारी स्पीडवे, लांबी २.१ किलोमीटर. तिसऱ्या सेशनला इंजिन ऑइल ११२ वर स्थिर. मी खूश, बघा म्हणावं पुणेकरांना! तेवढ्यात सडक्या अंड्यांसारखा वास आला. आधी वाटलं, पुढच्या गाडीचा क्लच जळतोय. पण तो गंधकाचा वास होता, डिफरेन्शियलच्या ९० नंबरच्या तेलातला. क्राऊन-पिनियनचे, म्हणजे त्या डब्यातल्या दोन मुख्य गिअरांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत घासत फिरतात. उष्णता तिथंच तयार होते. खाली वारा नाही, शेजारी सायलेन्सरचा पाइप. पिनियनचं सील कडक होऊन गेलं आणि तेल पाइपवर. आरशात पांढरा धूर.

मी लगेच थांबलो नाही. पिटपर्यंत नेऊ म्हटलं. त्या अर्ध्या फेरीचं तेल रस्त्यावर पडलं आणि मागून येणारा कॉलेजातला एक मुलगा घसरून मातीत गेला. त्याला लागलं नाही. बंपर फुटला, गाडी वडिलांची होती. मी पैसे काढले तर म्हणाला, "असू दे काका." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याआधी पाच वर्षं मी हिरिरीनं सांगत होतो, चांगलं सिंथेटिक घाला, कूलरबिलर सगळे चोचले. त्या वेळच्या त्या माणसाशी, म्हणजे माझ्याशीच, अजून भांडतो मी. ट्रॅकला न जाणाऱ्यांपुरतं त्याचं बरोबरच होतं. आता मागे छोटा कूलर, इलेक्ट्रिक पंप आणि तापमानाचा स्विच आहे. पंप गुरगुरतो, एक दिवस बंद पडेल आणि मला कळणारही नाही, म्हणून त्यालाही दिवा लावलाय.

गिअरबॉक्सला मात्र काहीच नाही. त्याचा सेन्सर आणून ठेवलाय. खोकं अजून फोडलेलं नाही, कारण आकडा दिसला की आणखी एक रेडिएटर आलाच.