रेमिशनमध्ये हाडं दुखू लागली तर

मल्टिपल मायलोमा (हाडांच्या मज्जेतल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) रेमिशनमध्ये, म्हणजे उपचारांनी शांत झालेला असताना पाठ किंवा बरगडी दुखायला लागली की घरात दोन गट पडतात. एक म्हणतो आजार परतला, दुसरा म्हणतो वयाने दुखतंच, शेक घ्या. रिपोर्ट येईपर्यंत दोघांनीही गप्प बसावं हे बरं. आधीच पोखरलेला मणका आजार शांत असतानाही दबू शकतो. उलट, रक्तातले आकडे फारसे हललेले नसताना हाडात नवी गाठ वाढत असू शकते.

एका बाबतीत मात्र रिपोर्टची वाट बघायची नाही. पाय जड पडणं, चालताना अडखळणं, कमरेखाली बधिरपणा, लघवी अडणं यांतलं काहीही दिसलं तर उद्याच्या ओपीडीपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी इमर्जन्सीत जाऊन पूर्ण मणक्याचा एमआरआय करून घ्यायचा. मज्जारज्जूवर दाब असेल तर डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) लगेच सुरू होतं आणि रेडिएशन की शस्त्रक्रिया हे तिथेच ठरतं. गेलेली ताकद उशिरा परत येत नाही. सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी, असंबद्ध बोलणं ही वाढलेल्या कॅल्शियमची लक्षणं असू शकतात, तेही त्याच दिवशी तपासायचं.

आता गोळ्या. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नकोत. लाइट चेनमुळे (मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात ते अँटिबॉडीचे सुटे तुकडे) आधीच ताणाखाली असलेली किडनी या गोळ्यांनी बसू शकते. मेडिकलमधून ‘साधी पॅरासिटामॉल’ म्हणून आणलेल्या पट्टीत पुष्कळदा एसिक्लोफेनॅकही असतं, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचा. पॅरासिटामॉलने भागलं नाही तर डॉक्टर ट्रामाडॉल किंवा मॉर्फीन देतात. त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, पोट गच्च झाल्यावर नव्हे.

तपासण्या शक्यतो नेहमीच्याच लॅबमध्ये करा. फ्री लाइट चेन मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो. सीरम इलेक्ट्रोफोरेसिस (एम प्रोटीन, म्हणजे मायलोमाच्या पेशींनी बनवलेली अँटिबॉडी, मोजणारी तपासणी), इम्युनोफिक्सेशन (ते कोणत्या प्रकारचं हे ओळखणारी), फ्री लाइट चेन, सीबीसी, क्रिएटिनिन, कॅल्शियम, अल्ब्युमिन आणि २४ तासांची लघवी हा संच आहे. तुलना मागच्या रिपोर्टशी नाही, आतापर्यंतच्या सगळ्यात कमी आकड्याशी करायची. त्याच्यापेक्षा एम प्रोटीन २५ टक्क्यांनी वाढलं आणि ती वाढ निदान ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असली, तर आजार पुढे सरकला असं धरतात. फक्त एम प्रोटीन बघून निर्धास्त होऊ नका. काही वेळा ते जागच्या जागी राहतं आणि एकटी लाइट चेन वर जाते.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही, कारण हाडातलं साधारण तिसरा हिस्सा खनिज गेल्याशिवाय एक्स-रेत खड्डा दिसत नाही. बोन स्कॅनही इथे फसवतो. तो नवं हाड तयार होतंय का ते दाखवतो आणि मायलोमा नेमकं तेच बंद पाडतो. पेट-सीटी किंवा पूर्ण शरीराचा एमआरआय मागा.

आजार परतलाच असेल, तर पुढचं औषध ठरवताना आधीचं कोणतं घेत असताना तो वाढला हे महत्त्वाचं. लेनालिडोमाइडची मेंटेनन्स (आजार दबून राहावा म्हणून दिलेलं औषध) चालू असताना वाढला असेल तर त्याच औषधावर मदार ठेवता येत नाही. मग डाराटुमुमॅब, कार्फिल्झोमिब, पोमॅलिडोमाइड यांच्या जोड्या डेक्सामेथासोनसोबत विचारात येतात. डाराटुमुमॅबच्या पहिल्या डोसआधी दोन कामं उरकून घ्या. एक, हिपॅटायटिस बीची तपासणी. दोन, ब्लड बँकेत रक्तगटाची सविस्तर तपासणी, कारण हे औषध क्रॉसमॅचमध्ये (रक्त जुळतं का ते बघणाऱ्या चाचणीत) गोंधळ घालतं आणि ऐनवेळी रक्त मिळायला उशीर होतो. बोर्टेझोमिब, कार्फिल्झोमिब किंवा डाराटुमुमॅब असेल तर नागिणीपासून बचावासाठी असायक्लोविर लिहून दिलंय का ते बघा.

मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या कार-टी उपचाराबद्दल (यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात) हमखास विचारणा होते. तो पेशीवरच्या सीडी १९ या खुणेवर चालतो, ठरावीक ल्युकेमिया-लिम्फोमासाठी. मायलोमासाठीच्या कार-टीचं लक्ष्य बीसीएमए ही वेगळी खूण असते.

एका जागी खूप दुखत असेल तर रेडिएशन, पुष्कळदा ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच डोस. आराम पडायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि सुरुवातीचे दोन-तीन दिवस दुखणं वाढूही शकतं. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम, शिरेतून, निदान १५ मिनिटं घेऊन, साधारण दर ४ आठवड्यांनी देतात. दरवेळी आधी क्रिएटिनिन बघतात, किडनी कमी चालत असेल तर डोस घटवतात. दात काढायचा असेल तर तो हे सुरू होण्याआधी काढून जखम भरू द्या, नाहीतर जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका असतो. किडनीमुळे त्याऐवजी डेनोसुमॅब (हाडांसाठीचंच दुसरं इंजेक्शन) चालू केलं असेल तर ते मनाने बंद करू नका, थांबवल्यावर मणके दबण्याचा धोका वाढतो.

उपचार लागू पडताहेत हे आधी लाइट चेनमध्ये दिसतं, कारण ती रक्तातून काही तासांत निघून जाते. आयजीजी (एम प्रोटीनचा नेहमी आढळणारा प्रकार) निम्मं व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या महिन्यात एम प्रोटीन हळू उतरलं तरी घाबरू नका. एम प्रोटीनमध्ये ५० टक्के घट म्हणजे आंशिक प्रतिसाद, ९० टक्के म्हणजे फार चांगला. पूर्ण प्रतिसादासाठी इम्युनोफिक्सेशन निगेटिव्ह आणि मज्जेत प्लाझ्मा पेशी ५ टक्क्यांखाली हव्यात. डाराटुमुमॅब स्वतः आयजीजी कापा प्रकारची अँटिबॉडी आहे, त्याचीच फिकट रेघ रिपोर्टमध्ये उमटू शकते. अशी रेघ दिसली तर ती कोणाची, हे डॉक्टरांना विचारा.

आणि एवढं होऊनही पाठ दुखू शकते. वाळवी मारली तरी खाल्लेलं लाकूड भरून येत नाही. उठता-बसता, वाकल्यावर दुखतं आणि आडवं पडल्यावर थांबतं, असं दुखणं बहुधा दबलेल्या मणक्याचं असतं. त्यावर पट्टा, फिजिओथेरपी, निवडक रुग्णांत कायफोप्लास्टी (दबलेल्या मणक्यात सिमेंट भरणं). पुढे वाकून बादली, सिलिंडर उचलायचा नाही. रात्री झोपेतून उठवणारं, दर आठवड्याला वाढणारं किंवा नव्याच जागी सुरू झालेलं दुखणं असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता तोच रक्ताचा संच पुन्हा करून घ्यायचा.