गेटवर मेल येतो, केबिनमध्ये नाही

२००९ साली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गाळ्यात असेंबल्ड कॉम्प्युटर विकायला लागलो, तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि मावसभाऊ. पुढं लोक लॅपटॉप ऑनलाइन मागवायला लागले आणि विक्रीतून गाळ्याचं भाडंही सुटेना. मग शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या एएमसी (वर्षभराच्या देखभालीची कंत्राटं) धरल्या. प्रिंटर, वायरिंग, टॅली, पडेल ते काम.

त्यातल्या एका फाउंड्रीचा मेल सर्व्हर कारखान्यातच, सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टीमवर. त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद होणार होते. मालकांना क्लाउडचं माणशी भाडं नको होतं. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग आपल्याच छपराखाली राहावीत, हा त्यांचा हट्ट. नवा सर्व्हर बसवायचं काम आमच्याकडं आलं. एवढी मोठी जोखीम आम्ही त्याआधी घेतली नव्हती.

पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारं) ही सॉफ्टवेअर चढवणं एका दिवसाचं काम. जुने मेल आयमॅपसिंक या मेल कॉपी करायच्या टूलनं आठवडाभर रात्री ओढून घेतले. बाहेरचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) तोच राहणार असल्यानं एमएक्स रेकॉर्डला (कंपनीचे मेल कुठं टाकायचे हे सांगणारी नोंद) हातही लावायचा नव्हता. फायरवॉलमध्ये (इंटरनेट आणि ऑफिसच्या नेटवर्कमधला पहारेकरी) २५, ५८७ आणि ९९३ ही पोर्टं (मेलच्या ये-जा करायच्या दारांचे नंबर) जुन्या मशीनवरून नव्याकडं वळवायची, बस्स. शनिवारी रात्री वळवली, जुन्यावरच्या सेवा थांबवल्या, टेस्ट मेल आला. आम्ही मिसळ खाऊन घरी.

सोमवारी सकाळी मालकांचा फोन. "गेटवर असतो तवर मेल येतात, केबिनमध्ये शिरलो की बंद. करणी केलीसा काय माझ्या केबिनवर?"

गेटवर फोन मोबाइल डेटावर, केबिनमध्ये वायफायवर. वायफायवाल्यांना मेल सर्व्हरचा पत्ता फायरवॉलचाच डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यादी) सांगायचा, आणि तिथं जुन्या मशीनचा ऑफिसच्या नेटवर्कमधला आयपी तसाच बसलेला. वायफायवरचे फोन बंद दुकानाचं दार वाजवत होते. ते दुरुस्त करेपर्यंत दुसरी तक्रार: जीमेलवाल्या गिऱ्हाइकांना गेलेली कोटेशनं परत येतायत. लॉग उघडला तर ५५० या मेल नाकारल्याच्या कोडची रांग, 'पीटीआर रेकॉर्ड नाही', म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंदच नाही. बाहेर जाणारे मेल कुठल्या पब्लिक आयपीवरून निघायचे, तो फायरवॉलमधला नॅट नियमही जुन्या मशीनच्या आयपीवरच लिहिलेला. त्यामुळं नव्या सर्व्हरचे मेल ऑफिसच्या सर्वसाधारण इंटरनेटच्या आयपीवरून निघत होते आणि त्याला ना पीटीआर, ना एसपीएफमध्ये (कंपनीचे मेल कुठल्या आयपीवरून निघू शकतात त्याची यादी) जागा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबतीत फारच कडक झालंय. नियम बदलला आणि मेल जायला लागले.

शनिवारी जुनं मशीन काढून त्याचाच आयपी नव्याला दिला असता, तर यातलं काहीच झालं नसतं. हे मला मंगळवारी आंघोळ करताना सुचलं!

तेव्हापासून कुठलंही मशीन बदलायच्या आधी भाऊ फायरवॉलची सगळी कॉन्फिग फाइल उतरवून घेतो आणि जुना आयपी किती ठिकाणी सापडतो ते मोजतो. त्या फाउंड्रीत तो पाच ठिकाणी होता, आम्ही तीन पोर्टं वळवून मोकळे झालो होतो.

मालकांनी बिल त्याच आठवड्यात दिलं, एएमसीही वाढवली. पण अजूनही मेलला जरा उशीर झाला की फोन येतो, "गेटवर जाऊ काय?"