हिंदुस्थान फिरून आलेली वाइन

खेड स्टेशनावर यांनी मला सोडलं तेव्हा माझ्याकडे किलोभर आंबापोळी, भाजलेले काजू, एक वही आणि दोन दिवसांचे कपडे होते. दापोलीहून खेड तीसेक किलोमीटर, खेडहून पणजीजवळचं करमळी स्टेशन रेल्वेने तीनशेच्या वर. एवढं अंतर कापायचं ते सहा ग्लासांसाठी, आणि प्रत्येक ग्लासात जेमतेम तीन-चार घोट. गेली सात वर्षं मी असे प्रवास करते आहे. कधी मुंबई, कधी पुणे, आणि वर्षातून एकदा तरी पणजी. पोर्ट, मदैरा, शेरी या वाइनपैकी काही चांगलं कुठे उघडणार असल्याचं कळलं की मी गाडीचं आरक्षण बघायला घेते.

आमचा घरचा धंदा फळप्रक्रियेचा. कोकम, जांभूळ, आंबा, करवंद. माझं अर्धं आयुष्य फळाचा रस आंबू नये म्हणून राखण करण्यात गेलंय. कोकमाच्या आगळात मीठ घालतो ते चवीपुरतं नाही. मिठाने आंबणं थोपतं, म्हणून आगळ वर्षभर टिकतं. मुरंब्यात तेच काम साखर करते. पोर्ट कशी बनते हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ती परकी वाटलीच नाही. पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षं तुडवतात, रस आंबायला लागतो, आणि निम्मीअर्धी साखर अजून शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्के मद्यार्काची द्राक्षांचीच दारू ओततात. परंपरेचं माप असं: ४३५ लिटर रसाला ११५ लिटर दारू, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. एवढ्या दारूत यीस्ट जगत नाही. आंबणं जागच्या जागी थांबतं आणि द्राक्षाची उरलेली गोडी वाइनमध्ये तशीच राहते. शेवटी वाइनची ताकद २० टक्क्यांच्या आसपास येते. यालाच फोर्टिफाइड वाइन म्हणतात. आमच्याकडे मीठ, त्यांच्याकडे दारू, पण नेमक्या क्षणी हात घालायचा हे शहाणपण दोन्हीकडे एकच.

बाटलीच मागवून घे की, असं मला कुणी कुणी सांगतं. दापोलीत ही वाइन मिळत नाही, आणि गोव्यातून महाराष्ट्रात बाटली आणायची तर उत्पादन शुल्काचे नियम आहेत, त्यासाठी बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाकाही आहे. पण खरं कारण वेगळंच. ही वाइन एकट्याने उघडून संपवायची नसते. चांगली जुनी बाटली एका माणसाला झेपत नाही, खर्चाने तर नाहीच नाही. दहा जणांनी वर्गणी काढावी, एका टेबलाशी बसावं, एकाच वेळी एकच वास घ्यावा आणि मग भांडावं.

शिवाय ती कुणाच्या हातून मिळते याला फार महत्त्व आहे. तीन वर्षांपूर्वी मुंबईत एका मोठ्या हॉटेलातल्या टेस्टिंगला मी रात्रीच्या बसने गेले होते. त्यांनी पहिली दिली फिनो शेरी. शेरी ही स्पेनची वाइन, फिनो हा तिचा हलका, कोरडा प्रकार. फिनो पेंढ्यासारखी फिकी, थंडगार, खारट वाऱ्याच्या वासाची असायला हवी. माझ्या ग्लासात तपकिरी, शिळ्या सफरचंदासारखं काहीतरी होतं. बाटली उघडून कित्येक आठवडे झाले असणार. फिनो उघडली की थंडीत ठेवून आठवडाभरात संपवायची असते, ती तेवढीच नाजूक. मी सांगितलं तर वाढणारा म्हणाला, मॅडम, ही वाइन अशीच असते. ती अशी नसते. रात्रभर प्रवास करून गेलेल्या माणसाला चुकीची गोष्ट खरी म्हणून द्यायची, याचा राग मला अजून आहे. शेजारी बसलेली मुलगी पहिल्यांदाच शेरी चाखत होती. ती आता जन्मभर शेरी वाईट म्हणून सांगत फिरेल.

म्हणून पणजी. तिथे फोंताइन्हासमधल्या एका जुन्या घरात वर्षातून दोनदा ही बैठक भरते. घरवाले सत्तरी ओलांडलेले, पोर्तुगीज शाळेत शिकलेले. आम्ही सगळे त्यांना पात्रांव, म्हणजे मालक, म्हणतो.

मांडवी एक्सप्रेसमध्ये बसले की मला भूक लागतेच. चिपळूणपर्यंत वडे झाले. उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटरचा. खिडकी काळी झाली, डब्यात गारवा आणि ओल्या दगडाचा वास भरला. वासाकडे लक्ष द्यायची सवय या छंदाने लावली. पूर्वी मी बोगद्यात डोळे मिटून घ्यायची. आता त्या वासाला नाव शोधते. रत्नागिरीनंतर पानवलचा पूल, खाली ६४ मीटरवर दरी. फाल्गुन लागलेला, शिमगा तोंडावर आलेला. कणकवली-कुडाळकडे काजूच्या बागा पिवळ्या-लाल बोंडांनी लगडलेल्या होत्या. सावंतवाडीनंतर डबा निम्मा रिकामा झाला. थिवीनंतर गाडीने मांडवी ओलांडली तेव्हा उजेड कलला होता. या नदीकडे मी दर वेळी उभी राहून बघते. त्याचं कारण पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी पाचला आम्ही जमलो. नऊ जण. मडगावची एक डॉक्टर, बेळगावहून आलेले दोघे भाऊ, कारवारहून बसने आलेले एक निवृत्त मास्तर, बाकी पणजीचेच. मास्तरांचं नि माझं अंतर मोजायची स्पर्धा दर वर्षी असते. यंदाही मी जिंकले. टेबलावर पांढरी चादर, म्हणजे रंग नीट दिसावा. मधोमध तांब्याची पिकदाणी. २० टक्क्यांची वाइन गिळत बसलं तर चौथ्या ग्लासाला जीभ बोथट होते. त्यामुळे चाखायचं, तोंडभर फिरवायचं आणि थुंकायचं. नवीन माणसाला ते विचित्र वाटतं. मला ते तालमीसारखं वाटतं.

शेरी दोन होत्या, त्यांच्याबद्दल थोडक्यात. फिनोला १५ टक्क्यांवरच थांबवतात, म्हणजे पिंपातल्या वाइनवर यीस्टची पांढरी साय धरते आणि ती हवा आत येऊ देत नाही. ओलोरोसोला १७ च्या वर नेतात. तिथे साय तगत नाही आणि हवा आपलं काम करते. एकाच द्राक्षाच्या, पालोमिनोच्या, या दोन वाटा. यंदाची फिनो खरी फिनो होती. मला मुंबईची ती मुलगी आठवली.

मग पात्रांवांनी मदैरा आणली आणि सगळे गप्प झाले.

मदैरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगालचं डोंगराळ बेट. आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानाकडे येणारी जहाजं तिथे पाणी आणि वाइन भरून घेत. वाइन वाटेत खराब होऊ नये म्हणून तिच्यात दारू घालायची रीत पडली. आता बघा, ती पिंपं जहाजाच्या तळात. विषुववृत्त दोनदा जाताना, दोनदा येताना. महिनोन्‌महिने उकाडा, वर जहाजाचं हेलकावणं. कुठलीही साधी वाइन यात मेली असती. पण जी पिंपं विकली न जाता परत आली, ती उघडल्यावर कळलं की ही वाइन निघतानापेक्षा उत्तम झाली आहे. लोक मग तीच मागू लागले. व्यापारी मुद्दाम पिंपं हिंदुस्थानात पाठवून परत आणू लागले, फक्त फिरवून आणण्यासाठी. अशा वाइनला नावच पडलं, व्हिन्यु द रोदा, म्हणजे फेरी मारून आलेली वाइन.

पुढे जहाजाचा खर्च परवडेना, तेव्हा बेटावरच उष्णता देऊ लागले. साधी मदैरा टाक्यांत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने ठेवतात. उत्तम प्रतीची मात्र पिंपांतच, गोदामाच्या छपराखालच्या माळ्यावर. उन्हाने माळा तापतो, रात्री निवतो, वर्षानुवर्षं. पिंपं ज्या लाकडी आडव्यांवर ठेवतात त्यांवरून या पद्धतीला कान्तेयरु म्हणतात. पात्रांव म्हणाले, “ही वाइन मुळात प्रवासानं शिकली. आता तिला घरात बसवून प्रवास करवतात.”

आमच्यापुढे दोन होत्या. व्हेर्देल्यु, जरा कोरडी, आणि बुआल, गोड. बुआलचा रंग जुन्या पितळेसारखा. नाकाशी नेली तर आधी काकवी, मग भाजलेला काजू, मग संत्र्याच्या सालीचा मुरंबा. आणि जिभेवर गोडीच्या मागोमाग अशी आंबट धार येते की तोंडाला पाणी सुटतं. ती धार नसती तर हा नुसता पाक झाला असता. मला ती ओळखीची वाटली. अमसूल घातलेल्या सारात गूळ पडतो तेव्हा हाच तोल साधावा लागतो. मी वहीत ‘काकवी, साल, अमसूल’ एवढंच लिहिलं आणि वही मिटली. घोट गिळून तीन-चार मिनिटं झाली तरी चव जाईना. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुणी काही विचारलं नाही.

बुआलसोबत बिबिंका होती, पण सगळ्यांचे हात माझ्या आंबापोळीकडे वळले. दोन वर्षांपूर्वीची, काळपट पडलेली पोळी मी मुद्दाम नेली होती. ताजी पोळी नुसती गोड लागते. जुनीला कडवट किनार येते आणि मदैराला तीच हवी असते. बेळगावच्या धाकट्या भावाने विचारलं, “ताई, ही विकता का?” जुनी विकत नाही, सांगितलं. ती घरच्यांसाठी आणि या टेबलासाठी.

शेवटी पोर्ट. एक रुबी, म्हणजे तरुण, लाल पोर्ट, आणि एक २० वर्षांची टॉनी, म्हणजे पिंपात मुरलेली. त्यावरून ठरलेलं भांडण झालंच. गोव्यात दुकानोदुकानी स्वस्त, गोड, लाल वाइन पोर्ट म्हणून विकली जाते आणि पुष्कळांना पोर्ट म्हणजे तेवढंच ठाऊक असतं. मास्तरांचं म्हणणं, लोक आवडीनं पितात, लग्नात टोस्टला तीच असते, आपण कोण बोलणारे? मला ते पटत नाही. पिऊ देत आनंदाने, माझी तक्रार पिणाऱ्यांबद्दल नाही. पण दोरूच्या खोऱ्याची हद्द पोर्तुगालचा मंत्री मार्केस द पोंबालने १७५६ साली आखून दिली, ती याचसाठी की कुठलीही लाल वाइन पोर्ट म्हणून खपू नये. आम्ही कोकणातले लोक हापूसच्या नावावरून एवढं भांडतो. मग दुसऱ्याच्या नावाचीही तेवढीच कदर करावी. मास्तर म्हणाले, हापूस हे नावसुद्धा पोर्तुगीज आहे बाई. अल्बुकर्कच्या पहिल्या नावावरून आलेलं, आफोन्सो. खरंच आहे. त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

टॉनीचं एवढं सांगते: ‘२० वर्षं’ म्हणजे बाटलीतला प्रत्येक थेंब बरोबर वीस वर्षांचा नव्हे. निरनिराळ्या वयांची पिंपं मिसळून त्या वयाची चव साधलेली असते. लाकडातून हवा हळूहळू आत जाते, लाल रंग विटकरी होतो, मग मधासारखा. आमच्या ग्लासातली मधाच्याही पुढे गेली होती. अक्रोड, खारीक, किंचित धूर. छान होती, फारच छान. पण माझं मन अजून बुआलमध्येच होतं.

सकाळी परतीच्या गाडीला वेळ होता. रायबंदरच्या बांधावरून रिक्षाने जुन्या गोव्याला गेले आणि व्हाइसरॉयच्या कमानीतून चालत धक्क्यावर उतरले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही कमान. नवा व्हाइसरॉय आला की इथूनच शहरात शिरायचा. पोर्तुगालहून सहा-सहा महिने समुद्र तुडवून आलेली जहाजं याच नदीच्या मुखाशी पोचत. समोर दिवाडीची फेरी लागत होती, दुचाकीवाले चढत होते, एक मावशी मासळीची पाटी घेऊन उभी होती. मी पाण्याकडे बघत मनात पिंपं रचत बसले. त्यातलं एखादं इथे उतरलं नसेल, खरेदीदार मिळाला नसेल, आणि तसंच परत गेलं असेल, या नदीचा उकाडा पोटात घेऊन. काल माझ्या ग्लासात जी चव होती, ती माणसांना पहिल्यांदा अशाच एखाद्या परतलेल्या पिंपात सापडली. त्यासाठी तीनशे किलोमीटर म्हणजे काहीच नाही.

घरी पोचले तेव्हा रात्र झाली होती. सासूबाई जाग्या होत्या. पहिल्या वर्षी माझं हे जाणं त्यांना रुचलं नव्हतं. आता त्या आंबापोळी स्वतः बांधून देतात आणि परतल्यावर कशाबरोबर कशी लागली ते विचारतात. बुआलचं ऐकून म्हणाल्या, “म्हणजे आमच्या गुळाच्या सारासारखी.” मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेल्या वैशाखातल्या आगळाची एक चिनी मातीची बरणी उचलली आणि माळ्यावर न्यायला निघाले. आमचा माळा कौलांच्या लगेच खाली, मार्च-एप्रिलमध्ये तिथे उभं राहवत नाही. आगळात दारू नाही, मीठ आहे. त्याचं तिथे काय होतं ते बघायचंय.

“अगो, खाली गारव्यात होती ती काय वाईट होती?” सासूबाईंनी विचारलं.

“पुढच्या शिमग्याला उघडू,” मी म्हटलं.

त्या उठल्या आणि शिडी धरून उभ्या राहिल्या.